दिलेली चौरी

॥ श्री ॥

कोहमारा,
२० जून २०२४

चि. सुमित्रास,
दुलीचंदचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. बाबूजी गेल्यापासून आपल्या घरात कोणी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. पण तू फोन उचलत नाहीस, आणि रेणूने उचलला तर सासूबाई झोपल्या आहेत म्हणते. सकाळी दहा वाजता तू झोपत नाहीस हे मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी राग आला की माळ्यावर जाऊन बसायचीस आणि जेवायला हाक मारली तरी उतरायची नाहीस, तसंच हे चाललं आहे. पत्र फाडायचं असलं तर वाचून फाड.

ईश्वरदास शेठला जामीन मिळाला. जानेवारीत त्याच्या राइस मिलचा बॉयलर फुटून तुझा उमेंद्र आणि आणखी तिघे गेले, आणि लोक अजून घाटावरून परतले नव्हते तेवढ्यात शेठ दुबईचं तिकीट खिशात घालून नागपूरच्या विमानतळावर सापडला. म्हणून इथल्या कोर्टाने दोनदा जामीन नाकारला. पैसेवाला आहे, पोरगा तिकडे बसला आहे, सोडलं की पळेल, असं सरकारी वकिलाचं म्हणणं होतं. आता वरच्या कोर्टाने सोडलं. पासपोर्ट जमा करायचा, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, आणि जिल्ह्यातले शेतीवाले दोन जामीनदार.

त्यातला एक मी आहे. हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहितो आहे.

आधी ऐकून घे. शेठचा धाकटा भाऊ गोवर्धन ओमेशला घेऊन आला होता. आपली प्रेरणा ओमेशला दिलेली, तिला दिवस गेलेले. मी हो म्हणेपर्यंत बापलेकांनी पाणी घेतलं नाही. मग त्यांच्या वकिलाने मला विचारलं की हा माणूस पळणार नाही हे कशावरून म्हणता. मी म्हटलं, त्याच्या घरात चौरी आहे. त्या शहरी माणसाला चौरी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला मातीचा ओटा, त्यावर कुळाचे देव. दिवाळीचा दिवा आणि नव्या तांदळाचा पहिला घास तिथं थोरल्यानेच ठेवायचा. आमच्यात थोरला माणूस चौरी सोडून जात नाही, असं मी सांगितलं. तेच शपथपत्र माझ्या सहीने कोर्टात गेलं, आणि या माणसाची मुळं इथंच आहेत असं कोर्टाने म्हटलं.

मी खोटं काही लिहिलेलं नाही. तो खटल्याला उभा राहील. तुझ्या मनात माझी जी जागा आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
दुलीचंद

•

मुर्री,
२ जुलै २०२४

ती. दादास,
सुमित्राचा सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. आधी रेणूने वाचून दाखवलं. मध्येच तिचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं ती काही गाळते आहे, म्हणून मी चष्मा लावून स्वतः वाचलं. तिने काही गाळलं नव्हतं.

उमेंद्र तुझ्याच शब्दावर त्या मिलमध्ये लागला. तुझ्याच घरी राहायचा, वहिनीच्या हातचं जेवून कामाला जायचा. बॉयलरचा वाल्व चिकटतो हे त्याने शेठला सांगितलं होतं, आणि सीजन निघू दे मग पाहू, असं शेठने म्हटलं होतं. हे मला तूच सांगितलंस, तेराव्याच्या दिवशी, भिंतीला टेकून रडत. त्या दिवशी तुझ्याकडे बघून मला वाटलं होतं की नवरा गेला, पोरगा गेला, पण भाऊ आहे.

परवा मिलमधला बकाराम येऊन गेला, सोबत त्याची बायको रुख्मा होती. उमेंद्रला वाफेतून काढून पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळाला तो हा बकाराम. त्याची बोटं अजून मिटत नाहीत, रुख्मा भरवते. मी चहा दिला तर कप धरता येत नाही म्हणून लाजला. तू काऊन सही केली, हे त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तू चौरीची शपथ घेतलीस. माझ्याही घरात चौरी आहे, दादा. तिच्यापुढे या दिवाळीला दिवा लावणारा थोरला मी कुठून आणू, हे त्या वकिलाने तुला विचारलं का? कोर्टाने शेठची मुळं पाहिली. आमचं काय उपटलं गेलं ते तिथं कोणी पाहिलं नाही.

मला भरपाई नको, कोणाचा सत्यानाश नको. एवढंच हवं की तो पिंजऱ्यात उभा राहावा, चौघांची नावं त्याच्या तोंडावर वाचली जावीत आणि त्याला ती ऐकावी लागावीत. त्यासाठी तो इथं असायला हवा. तू त्याची हमी घेतली आहेस, तर आता त्याच्यावर नजर ठेव. बांधावरच्या जनावरावर ठेवतोस तशी ठेव.

वहिनीस नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, रोवणीच्या चिखलात उगाच उभा राहू नकोस. राग आहे, पण भाऊ एकच आहे.

तुझी,
सुमित्रा

•

फुलचूर,
१० सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. बाळ पोटात इतकं हलतं की सासूबाई म्हणतात हा आजोबांवर गेलाय, एका जागी बसत नाही. दसऱ्यानंतर मला न्यायला या. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे इथं सगळ्यांना मान्य आहे. आईला सांगा की डिंकाचे लाडू आतापासून करून ठेवू नको, तुम्हीच संपवाल.

इथली मोठी बातमी म्हणजे चौरी आमच्या घरी आली. पोळा झाला आणि मोठ्या सासऱ्यांनी, म्हणजे ईश्वरदासजींनी, माझ्या सासऱ्यांना बोलावलं. त्यांच्या बंगल्यातल्या चौरीची माती पितळी ताटात घेतली, वर नवं कापड टाकलं आणि अंगणातून चालत आमच्या स्वयंपाकघरात आणली. मी नवा ओटा लिंपला होता. मोठे सासरे म्हणाले की माझ्या मिलमध्ये चार जीव गेले, आता देवापुढे दिवा धरायला माझा हात चालत नाही, यापुढे गोवर्धनने करावं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उमेंद्रदादा आठवला.

मोठ्या सासूबाईंनी गायही आमच्या गोठ्यात पाठवली. त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही म्हणे. या वर्षीचं आंब्याचं लोणचं, अजून दादराही न सोडलेली बरणी, तीपण दिली. मी म्हटलं, तुम्हाला लागेल ना. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते मला जरा कसंसं वाटलं, बाबा. कोणाला विचारू नका, मीच तुम्हाला लिहिते आहे. माझ्या फोनवर कोण काय ऐकतं ते कळत नाही.

आत्याला भेटावंसं वाटतं, पण इथून मुर्रीला जायचं नाव काढलं की घरात सगळे विषय बदलतात.

आईला नमस्कार. लेकीवरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
प्रेरणा

•

कोहमारा,
१६ सप्टेंबर २०२४

चि. सुमित्रास,
अनेक आशीर्वाद.

यावेळी लिहिण्यासारखं काही आहे. धान चांगलं निसवलं आहे, पण ते नव्हे. तुला वाटतं त्या माणसाला काही लागलंच नाही. तसं नाही. ईश्वरदासने आपली चौरी गोवर्धनला दिली. चार जीवांचं पाप हाताला लागलं, आता या हाताने दिवा लावणार नाही म्हणाला. प्रेरणाच्या डोळ्यांसमोर झालं. गाय दिली, घरातलं लोणचंसुद्धा दिलं. माणूस विरक्त झाला आहे.

मी स्वतः सोमवारी ठाण्यापाशी जाऊन पाहतो, तू म्हणालीस म्हणून. हजेरी देऊन खाली मान घालून निघतो. केस पार पांढरे झाले आहेत. सुमित्रा, शिक्षा कोर्ट देईल तेव्हा देईल, पण ती त्याच्या आत सुरू झाली आहे असं मला वाटतं. तुला थोडं बरं वाटावं म्हणून लिहिलं. रेणूला आशीर्वाद सांग आणि या भावाला आठवणीत ठेव.

तुझा दादा,
दुलीचंद

•

मुर्री,
२१ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आज आलं आणि आजच लिहिते आहे. चुलीवर भात आहे, रेणू बघते आहे.

तो जातो आहे.

दादा, तुला खरंच दिसलं नाही का? आपल्या घरात थोरल्याने जिवंतपणी चौरी दिलेली कधी पाहिलीस? एकदाच. आजोबांचे थोरले भाऊ, आपले मोठे आजोबा, कायमचे रायपूरला निघाले तेव्हा. आजोबांच्या हातात तशीच ताटभर माती दिली होती. बाबूजी सांगायचे की त्यानंतर आजोबांनी मोठ्या आजोबांना दोनदा बोलावणं धाडलं, पण एकदा दिलेली चौरी आपल्यात परत मागत नाहीत, म्हणून ते तिकडेच राहिले आणि तिकडेच गेले. पाप लागलं म्हणून चौरी देत नाहीत. पाप लागलं तर माणूस चौरीपुढे लोळण घेतो. माती देतात ती गाव सोडताना, देव उपाशी राहू नयेत म्हणून. इतकी लाज त्याला अजून आहे, हेच काय ते त्याचं चांगलं म्हणायचं.

आणि लोणचं. वर्षाचं लोणचं, न उघडलेलं, कोणती बाई देऊन टाकते? जिला पुढच्या वर्षी या घरात जेवायचं नाही ती.

रेणू लगेच खुशालराव वकिलांकडे गेली, चौघांच्या घरच्यांकडून तेच उभे आहेत. ते म्हणाले की जामीन रद्द करा म्हणून आम्ही अर्ज केला तर कोर्ट पुरावा मागेल, आणि मातीचा ओटा इकडून तिकडे नेला हा पुरावा होत नाही. पण जामीनदाराला कारण सांगावं लागत नाही. मला आता हमी नको, असा त्याने अर्ज दिला की कोर्ट आरोपीला बोलावून घेतं. दुसरा जामीनदार मिळेपर्यंत तो आत. म्हणजे हे फक्त तुझ्या हातात आहे.

तुझ्या शपथपत्रात होतं की चौरी आहे म्हणून तो जाणार नाही. आता चौरी नाही. पत्र मिळताच गोंदियाला ये आणि अर्ज दे. येताना इकडे जेवायला ये, मी काही बोलणार नाही, फक्त वाढीन.

तुझी,
सुमित्रा

•

कोहमारा,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. सुमित्रास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हलक्या धानाची कापणी लागली, मजूर मिळत नाहीत, गुडघाही धरला होता. तू म्हणशील ही सगळी कारणं आहेत. आहेत.

तुझं पत्र मिळाल्यावर मी फुलचूरला गेलो. ईश्वरदासला तोंडावर विचारलं. तो माझ्या पाया पडला, वयाने मोठा असून. म्हणाला की भाऊ, मी कायले पळू, माहा सारा जन्म याच मातीत गेला, आता पळून कोणाले तोंड दाखवू. मग स्वतःच्या हाताने मला चहा दिला. अशा माणसाच्या नावाने कोर्टात जाऊन मी काय सांगू? की याने देव भावाकडे दिले म्हणून मला याचा भरोसा नाही?

आणि प्रेरणाचा विचार कर. तिचे दिवस भरत आले आहेत आणि पोरगी त्यांच्या घरात आहे. मी आज अर्ज दिला तर उद्या तिचं तिथं काय होईल? तू आई आहेस, तुला कळायला हवं. तिची सुटका होऊ दे, दिवाळी जाऊ दे, मग मी स्वतः येऊन अर्ज देतो. एवढ्यात काही आभाळ कोसळत नाही. भाऊबीजेला येतो. रागावू नकोस, माझ्यावरचा विश्वास सोडू नकोस.

तुझा दादा,
दुलीचंद

•

कोहमारा,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्त्यावर फुलचूर नाही, कोहमारा आहे, हे पाहून तुम्ही थांबाल. मी दसऱ्यापासून इथंच आहे, आत्या, बाबांच्या घरी. बाबाच मला घेऊन आले. त्यांनी तुम्हाला काय लिहिलं होतं ते मला काल आईकडून कळलं, आणि तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

ईश्वरदासजी पळून गेले हे तुम्हाला कळलंच असेल. लक्ष्मीपूजनाला माझ्या सासऱ्यांनी चौरीवर दिवा लावला, ते मागे उभे राहून बघत होते, असं ओमेश सांगतात. पाडव्याला दोघं नवराबायको देवदर्शनाला म्हणून निघाले. सोमवारी हजेरीला आले नाहीत तेव्हा पोलीस आले. फोन उशीखाली होते. गाडी रायपुरात सापडली, पुढे नेपाळमार्गे गेले असं म्हणतात. पासपोर्ट कोर्टाच्या कपाटात आहे आणि ते नाहीत.

मी बाबांना इथं आल्याआल्याच सांगितलं होतं. ती बरणी माझ्या डोक्यातून जात नव्हती. म्हटलं, बाबा, मी आता तुमच्या घरात आहे, माझं कोणी काही करू शकत नाही. ओमेशने मला टाकलं तरी मी लेकरू घेऊन इथं राहीन, पण तुम्ही अर्ज द्या. मी दोनदा म्हटलं, आई ऐकत होती. बाबा म्हणाले की मी कोर्टात शपथेवर सांगितलं की हा माणूस जाणार नाही, आता माझीच जबान खोटी म्हणू का, समाजाच्या बैठकीत कोण मला पुढे बसवेल. मग गाईला चारा टाकायला निघून गेले. माझ्यासाठी थांबले नव्हते ते, आत्या. तुम्ही तसं समजू नका. मला ते सहन होणार नाही.

बाबा आता बाहेर निघत नाहीत. कोर्टाची नोटीस आली आहे. भाऊबीजेला तुमच्याकडे यायला निघाले होते, चौकापर्यंत जाऊन परत आले. उमेंद्रदादाचा डबा अजून आमच्या फळीवर आहे. आई रोज तो पुसते आणि तिथंच ठेवते.

माझे दिवस भरले आहेत. तुम्हाला आशीर्वाद मागायचा मला हक्क आहे की नाही ते कळत नाही, तरी मागते.

तुमची,
प्रेरणा

•

मुर्री,
२६ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सुमित्राचा सा. न. वि. वि.

प्रेरणाला मुलगी झाली हे ऐकून बरं वाटलं. तिच्यासाठी बाळंतविडा पाठवते आहे. रेणूने टोपडं शिवलं आहे, कान झाकतील असं. पोरीला सांग की तिचा यात काही दोष नाही, आणि आशीर्वाद मागावा लागत नाही, तो आहेच.

तुझ्याकडून पत्र येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काय लिहायचं ते तुला सुचलं नसेल. तारखेला मी कोर्टात होते, मागच्या बाकावर, पदर पुढे ओढून. तुला दिसले नसेन. न्यायाधीशांनी विचारलं की आरोपी कुठे आहे, आणि तू म्हणालास की मला माहीत नाही. तो जाणार असं तुला आधी कळलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. त्यावरही तू नाही म्हणालास. मी तुला लिहून कळवलं होतं, तुझ्या लेकीने तोंडाने सांगितलं होतं. खुशालराव माझ्याकडे वळून बघत होते. मी उठून उभी राहिले नाही. सख्ख्या भावाला भर कोर्टात खोटं ठरवायची माझ्यात ताकद नव्हती.

तुझ्या शेतीचं कोर्ट काय करायचं ते करेल. त्यात मला आनंद नाही. त्या बांधांवर मीही खेळले आहे. खटल्याचं मात्र आता काही नाही. आरोपी फरार म्हणून कागद बाजूला ठेवले. ती चार नावं कोणाच्या तोंडावर वाचली जाणार नाहीत. रेणू हे ऐकून रडली नाही, घरी येऊन तांदूळ निवडत बसली. मला तिची काळजी वाटते.

जानेवारीत उमेंद्रची बरसी आहे. आपल्या घरात बरसीला पहिलं पाणी मामा सोडतो आणि नवं धोतर मामाकडून येतं, हे तुला सांगायला नको. बाबूजींनी त्यांच्या भाच्याचं केलं तेव्हा तू त्यांच्याशेजारी बसला होतास.

ते काम मी बकारामला दिलं. आधी तो तयार नव्हता. म्हणाला की आत्याबाई, मी तुमच्यातला नाही, आन् माहे हात असे, तांब्या कसा धरू. मी म्हटलं, तांब्या रुख्मा धरेल, तू फक्त ओंजळ पुढे कर, पाणी सोडायला मूठ लागत नाही. मग तो हो म्हणाला. धोतरही तेच आणतील. उमेंद्र शेवटचा कोणाच्या पाठीवर होता, ते मी पाहिलं. बाकी कोण कोणाचा लागतो ते पाहिलं नाही.

तू आलास तर तुझं पान वाढेन. पाहुणे बसतात त्या पंगतीत बस आणि जेवून जा. येताना उमेंद्रचा डबा आण. नंतर कधी तुला वाटेल की चूक झाली, सुमित्राने आता मामाची जागा परत द्यावी. तेव्हा मला तसं विचारू नकोस. आपल्यात एकदा दिलेलं परत मागत नाहीत.

वहिनीस नमस्कार, बाळास आशीर्वाद.

सुमित्रा